परदेशात टिप कुणाला, किती आणि कशी द्यायची? सोलापुरातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

सोलापुरात कुणी परदेशी निघालं की सल्ले देणारे चारही बाजूंनी जमतात. व्हिसाला कोणती कागदपत्रं लागतात, विमान मुंबईहून धरावं की हैदराबादहून, बॅगेत किती किलो चालतं, शेंगा चटणीची पाकिटं कशी बांधावीत, हे कुणी ना कुणी सांगतंच. टिपचा विषय मात्र सहसा कुणी काढत नाही. मग पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर बिल समोर येतं आणि टेबलावरचे सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

हा लेख अशा पहिल्यांदा निघालेल्यांसाठी आहे. मुलाकडे अमेरिकेला चाललेले आई-बाबा, बाली किंवा थायलंडला निघालेलं नवं जोडपं, ग्रुप टूरने युरोप बघायला चाललेले काका-काकू. प्रवासात बाकी काही चुकलं तर पैसे देऊन निस्तरता येतं. टिप चुकली तर समोरच्या कष्टकरी माणसाला त्याची झळ बसते, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

आपली सवय आधी बघू. आपल्याकडे हॉटेलात बिल येतं ते बडीशेपेच्या बशीतून. पैसे दिले की परत आलेल्या सुट्ट्यांतले दहा-वीस रुपये आपण त्याच बशीत ठेवतो आणि उठतो. खानावळीत तर मालक स्वतःच भाकरी वाढत असतो, तिथे टिपचा प्रश्नच नाही. पगार मालक देणार, वर आपण खुशीने काही ठेवलं तर ठेवलं, असा आपला साधा हिशेब. तो जगात सगळीकडे लागू पडत नाही.

पहिली पायरी: वेटरचा पगार तिथे कोण देतो, हे शोधा

कुठल्याही देशाची तयारी करताना हा एक प्रश्न विचारायचा: वाढणाऱ्या माणसाचा पगार मालकाच्या खिशातून येतो की गिऱ्हाइकाच्या? याचं उत्तर मिळालं की किती द्यायचं, हे बरंचसं आपोआप कळतं.

अमेरिकेत तो मोठ्या प्रमाणात गिऱ्हाइकाच्या खिशातून येतो. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख पगार तासाला फक्त २.१३ डॉलर दिला तरी चालतो. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. साधी किमान मजुरी ७.२५ डॉलर आहे, आणि मधला फरक टिपमधून भरून निघेल, असं कायद्यानेच धरलेलं आहे. निघाला नाही तर मालकाने भरायचा. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत मालकाला पूर्ण किमान मजुरी द्यावी लागते, पण टिपची रीत तिथेही तीच आहे. म्हणजे अमेरिकेत टिप ठेवली नाही, तर वेटरने तुमच्यासाठी केलेल्या कामाचा मोठा भाग फुकट गेला. तिथे टिप खुशीची नाही, ती जेवणाच्या खर्चातच धरायची.

फ्रान्समध्ये नेमकं उलट. मेनूवर जो भाव छापलेला असतो त्यातच सेवेचे पैसे धरलेले असतात. स्वित्झर्लंडमध्येही १९७४ पासून रेस्टॉरंटच्या भावात सेवा समाविष्ट आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मजुरीचे दरच चांगले आहेत, तिथे वेटर टिपवर अवलंबून नसतो. जपानमध्ये तर टिपची रीतच नाही.

या दोन टोकांच्या मध्ये बाकीचे देश येतात. सिंगापूरमध्ये बहुतेक बसून जेवायच्या रेस्टॉरंटच्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर ९ टक्के जीएसटी लागतो. मेनूवर भावापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर समजायचं की हे दोन्ही त्या भावावर चढणार आहेत. बालीतही अशीच पद्धत आहे. हे चार्ज लागले असतील तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. सिंगापुरातल्या फूडकोर्टात, म्हणजे तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, सर्व्हिस चार्जही नसतो आणि टिपही नसते.

इथे आपल्या लोकांचा हमखास एक घोळ होतो. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हॉटेलांनी बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये असं सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. त्यामुळे ‘सर्व्हिस चार्ज काढा’ म्हणायची आपल्याला सवय लागली आहे, आणि इथे ते रास्तच आहे. सिंगापुरात मात्र यावरून काउंटरवर वाद घालू नका. तिथे तो बिलाचाच भाग आहे. लंडनमध्ये बिलावर १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज असतो, आणि त्यापुढे बहुधा ‘डिस्क्रिशनरी’, म्हणजे ऐच्छिक, असं लिहिलेलं असतं. सेवा खरोखर वाईट असेल तर तो काढून मागता येतो. पण सेवा बरी असेल तर राहू द्यावा. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदा आहे की टिप आणि सर्व्हिस चार्जचे सगळे पैसे कामगारांनाच वाटले पाहिजेत, मालकाला त्यातलं काही ठेवता येत नाही. तो दिला की वर आणखी काही ठेवायची गरज नाही.

दुसरी पायरी: टूरचं माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचा

ग्रुप टूरने जाणार असाल तर ‘पॅकेजमध्ये काय नाही’ ही यादी आधी वाचा. टिपचे पैसे कधी पॅकेजमध्ये धरलेले असतात, कधी ‘दर दिवशी माणशी इतके युरो’ असे वेगळे घेतले जातात, तर कधी शेवटच्या दिवशी टूर मॅनेजर बसमध्ये पाकीट फिरवतो. बुकिंग करतानाच ऑफिसात बसून तीन गोष्टी विचारा: टिप पॅकेजमध्ये आहे का, त्यात कोण कोण येतं (बसचा ड्रायव्हर, स्थानिक गाइड, टूर मॅनेजर), आणि जेवणाच्या ठिकाणची टिपही त्यात आहे का. उत्तर व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. हे एकदा ठरलं की बसमध्ये कुणी कितीही आग्रह केला तरी दुसऱ्यांदा पैसे काढायचं कारण नाही.

क्रूझ घेत असाल तर आणखी एक बघा. मोठ्या क्रूझवर दर दिवशी माणशी साधारण सोळा ते वीस डॉलर ‘ग्रॅच्युइटी’, म्हणजे टिप, म्हणून तुमच्या खात्यावर आपोआप चढतात. चौघांचं कुटुंब आणि चार रात्री धरल्या तर रक्कम मोठी होते. काही टूरवाले ती आधीच भरून घेतात, काही नाही.

युरोपातल्या बसच्या ड्रायव्हरबद्दल थोडं सविस्तर सांगतो. आपण इथून गाडी करून तुळजापूर-अक्कलकोटला जातो तेव्हा ड्रायव्हरला बरोबर जेवायला बसवतो, भत्ता देतो, आणि उशीर झाला तर ‘जरा थांबा मामा’ म्हणतो. युरोपात त्याचे तास कायद्याने बांधलेले आहेत. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसभरात साधारण नऊ तासांवर गाडी चालवता येत नाही. तुम्ही दुकानात अर्धा तास जास्त रेंगाळलात तर पुढचं ठिकाण रद्द होऊ शकतं. टिप द्याच, दिवसाला माणशी एक-दोन युरो ही सर्वसाधारण रीत आहे, पण वेळेवर बसमध्ये बसलात तर त्याला त्याहून जास्त बरं वाटेल.

तिसरी पायरी: सुट्टे पैसे इथूनच घेऊन निघा

टिपचे निम्मे घोळ सुट्टे नसल्यामुळे होतात. परकीय चलन बँकेकडून किंवा परवानाधारक मनी चेंजरकडूनच घ्या आणि पावती मागा. एका प्रवासाला नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंत रक्कम नेता येते, बाकीची फॉरेक्स कार्डवर, म्हणजे परकीय चलन भरलेल्या कार्डावर, टाका. रुपये रोख देऊन घ्यायचं असेल तर ५०,००० रुपयांच्या आतच.

नोटा घेताना स्पष्ट सांगा की एक आणि पाच डॉलरच्या नोटा हव्यात. सांगितलं नाही तर हातात शंभराच्या नोटा पडतात, आणि बॅग उचलणाऱ्या पोऱ्यासमोर शंभराची नोट घेऊन उभं राहिलं की त्याची आणि आपली दोघांची अडचण होते. मनी चेंजरकडे लहान नोटा नसतील तर उतरल्यावर विमानतळावरच पाण्याची बाटली किंवा कॉफी घ्या आणि मोडून घ्या. मोठी नोट टॅक्सीवाल्यासमोर काढू नका.

टिपचे पैसे वेगळ्या लहान पाकिटात ठेवा, शक्यतो शर्टच्या खिशात. मोठं पाकीट बाहेर काढून नोटा चाळत बसणं बरं दिसत नाही आणि गर्दीत ते सुरक्षितही नाही. युरोपात जाणार असाल तर ५० सेंट आणि एक युरोची नाणी साठवत जा. स्टेशन आणि हायवेवरच्या स्वच्छतागृहांत ती लागतात. दारात बशी घेऊन बसलेल्या बाईंना ते पैसे द्यायचेच असतात.

दोन गोष्टी टाळा. एक, भारतीय रुपये टिप म्हणून देऊ नका. बऱ्याच ठिकाणी तिथल्या माणसाला ते सहज बदलून मिळत नाहीत, आणि त्याच्या हातात निरुपयोगी कागद राहतो. दोन, अकरा, एकवीस अशी वर एक ठेवायची आपली रीत तिथे कुणाला कळणार नाही. साधी रक्कम द्या.

चौथी पायरी: अमेरिकेतलं बिल ओळीने वाचायला शिका

मुलाकडे अमेरिकेत जाणाऱ्या आई-बाबांसाठी हा भाग मुद्दाम लांबवतो. वाद इथेच होतात. ‘अहो, दहा डॉलर म्हणजे नऊशे रुपये झाले, नऊशे रुपये वेटरला?’ असं काकू म्हणतात आणि मुलगा खाली मान घालतो. काकूंचं दुखणं मी समजतो. आयुष्यभर जपून खर्च केला म्हणून तर मुलगा तिकडे शिकला. पण त्या नऊशे रुपयांचा हिशेब सोलापूरच्या भावाने करायचा नाही. तो वेटर भाडं आणि किराणा तिथल्या भावाने भरतो, आणि त्याच्या मालकाने त्याचा पगार तुमच्यावर सोपवलेला आहे.

आता प्रत्यक्ष बिल कसं असतं ते बघू. समजा, जेवण ६० डॉलरचं झालं. त्यावर सेल्स टॅक्स लागतो. तो राज्याराज्यांत आणि शहराशहरांत वेगळा असतो. आपण ८ टक्के धरू, म्हणजे ४.८० डॉलर. एकूण झाले ६४.८०. वेटर बिल एका काळ्या पाकिटात आणून ठेवतो. तुम्ही त्यात कार्ड ठेवता, तो ते नेतो आणि दोन पावत्यांसह परत आणतो. एका पावतीवर दोन रिकाम्या ओळी असतात: एक टिपची, एक टोटलची. या रिकाम्या ओळी बघून आपले लोक गोंधळतात. टिपच्या ओळीत १०.८० लिहायचं, म्हणजे टॅक्सच्या आधीच्या ६० डॉलरवर १८ टक्के. टोटलच्या ओळीत ७५.६० लिहायचं, खाली सही करायची, ती पावती टेबलावर ठेवायची आणि दुसरी आपल्याकडे घ्यायची. कार्डवर आधी ६४.८० दिसले तरी घाबरू नका, एक-दोन दिवसांत ते ७५.६० होतात. म्हणूनच आपल्याकडची पावती जपून ठेवा आणि नंतर कार्डाच्या हिशेबाशी ताडून बघा.

किती द्यायचं? बसून जेवलात तर १८ ते २० टक्के. १५ टक्के म्हणजे सेवा जेमतेम होती, असा अर्थ निघतो. तोंडी हिशेब सोपा आहे: टॅक्सच्या आधीच्या रकमेचा दशांश काढायचा आणि दुप्पट करायचा, ६० चे ६ आणि ६ चे १२, हे झाले २० टक्के. न्यूयॉर्क शहरात सेल्स टॅक्स ८.८७५ टक्के आहे, तिथे टॅक्सची रक्कम दुप्पट केली की जवळपास १८ टक्के होते. बुफे असेल, म्हणजे वेटर फक्त पाणी देतो आणि ताटं उचलतो, तर १० टक्के पुरेत. तिथल्या भारतीय रेस्टॉरंटमध्येही हीच रीत आहे, मालक आपल्या बाजूचा आहे म्हणून वेटरचा हिशेब बदलत नाही.

सहा-आठ माणसांचा घोळका असेल तर बिलावर १८ टक्के ‘ग्रॅच्युइटी’ आधीच चढवलेली असू शकते, आणि तरीही खाली टिपची रिकामी ओळ असते. बिल वरून खालपर्यंत वाचा. ग्रॅच्युइटी दिसली तर टिपच्या ओळीवर रेघ मारा.

कॉफी किंवा सँडविच काउंटरवर घेतलं की समोर टॅबलेट फिरवतात, त्यावर १८, २०, २५ असे चौकोन असतात आणि मागे रांग उभी असते. इथे दबायचं कारण नाही. खाली कुठेतरी ‘नो टिप’ किंवा ‘कस्टम’ असतं, ते दाबलं तरी चालतं. स्वतः उचलून घ्यायच्या पदार्थाला टिप देणं तुमच्या मर्जीवर आहे. कॅनडातही साधारण असंच आहे, बसून जेवणाला १५ ते २० टक्के, आणि तिथे कार्ड मशीनच टक्के विचारतं.

शाकाहाराबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्या भागातले बरेच लोक कडक शाकाहारी असतात. ‘यात अंडं आहे का, सूपमध्ये मटणाचं पाणी घातलंय का, कांदा-लसूण नको, वर मिरची वेगळी द्या’ असे दहा प्रश्न आपण विचारतो. वेटर प्रत्येकासाठी आत जाऊन विचारून येतो. दोनदा, तीनदा. शेवटी आपण आठ माणसांची आठ बिलं वेगळी मागतो. हे सगळं काम तो हसतमुखाने करतो, आणि टिपची वेळ आली की त्याच्या वाट्याला दोन डॉलर येतात. हे मला पटत नाही. जितके जास्त प्रश्न विचारले तितकी टिप पूर्ण द्यावी. आणि चुकून एखादा पदार्थ तिखट किंवा अळणी आला तर तो दोष स्वयंपाकघराचा असतो, तो राग वेटरच्या टिपवर काढू नये. सेवेत खरी खोट असेल तर शांतपणे मॅनेजरला सांगा.

पाचवी पायरी: व्हीलचेअर, टॅक्सी, हॉटेल

वय झालेल्या आई-बाबांसाठी मुलं विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवतात. ही सेवा मोफत असते. अमेरिकेतल्या विमानतळांवर मात्र व्हीलचेअर ढकलणारा माणूस इमिग्रेशन, बॅगा, बाहेर मुलगा उभा असेल तिथपर्यंत सोबत करतो, आणि त्याला पाच-दहा डॉलर देण्याची रीत आहे. ते उतरताच हाताशी असावेत म्हणून वेगळे ठेवा. युरोपात अशी अपेक्षा नसते. आणि कुठल्याही विमानतळावर कुणी वाटेत थांबून पैसे मागू लागलं, तर द्यायलाच हवेत असं नाही.

अमेरिकेत टॅक्सीला १५-२० टक्के. अॅपची गाडी असेल तर उतरल्यावर अॅपमधूनच टिप देता येते. सामान खोलीपर्यंत नेणाऱ्याला बॅगेमागे दोन डॉलर धरा. खोली साफ करणाऱ्या बाईंचा विसर सगळ्यात जास्त पडतो, कारण त्या दिसत नाहीत. रात्रीमागे दोन ते पाच डॉलर, आणि ते रोज सकाळी ठेवा. शेवटच्या दिवशी एकदम ठेवले तर आठवडाभर राबलेल्या बाईंऐवजी त्या दिवशी कामावर असलेल्या दुसऱ्याच बाईंना मिळतात. पैसे उशीजवळ ठेवा, सोबत ‘थँक यू’ लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चिठ्ठी नसेल तर गिऱ्हाइकाचे विसरलेले पैसे समजून त्या हात लावत नाहीत.

युरोप: गोल रक्कम करा, पण बिल बघून

जर्मनीत वेटर टेबलापाशी उभा राहून पैसे घेतो आणि टिप तेव्हाच तोंडाने सांगायची असते. बिल २७.४० युरो झालं तर तीसची नोट देऊन ‘श्टिम्ट सो’ म्हणायचं, म्हणजे बाकी ठेवा. पाच ते दहा टक्के भरपूर झाले. एक सावधगिरी: पन्नासची नोट देताना आपण सवयीने ‘थँक यू’ म्हणून टाकतो, आणि काही वेळा तोही त्याचा अर्थ ‘बाकी तुम्हालाच’ असा घेतो. बाकी परत हवी असेल तर किती घ्यायचे ती रक्कम आधी सांगा, धन्यवाद नंतर.

इटलीत बिलावर ‘कोपेर्तो’ नावाची ओळ दिसेल, माणशी साधारण एक ते तीन युरो. तो बसण्याचा आणि ब्रेडचा आकार आहे, टिप नव्हे. आठ माणसांच्या बिलात तो चांगलाच जाणवतो, म्हणून बसण्याआधी मेनूच्या तळाशी बघून घ्या. फ्रान्समध्ये कॉफीनंतर थोडी नाणी ठेवली तर छान, नाही ठेवली तरी कुणी काही म्हणत नाही. लंडनच्या पबमध्ये काउंटरवर घेतलेल्या पेयाला टिप नसते.

‘फ्री वॉकिंग टूर’ ही मात्र नावाप्रमाणे फुकट नसते. तो गाइड दोन-अडीच तास शहर दाखवतो आणि त्याची सगळी कमाई शेवटी मिळणाऱ्या टिपवर असते. माणशी दहा युरोच्या आसपास द्या. द्यायचे नसतील तर त्या घोळक्यात शिरूच नका.

दुबई, थायलंड, बाली, व्हिएतनाम

दुबईत बऱ्याच हॉटेलांत सर्व्हिस चार्ज लागलेला असतो. नसेल तर १० टक्के ठेवा. टॅक्सीचं भाडं गोल करा, बॅग उचलणाऱ्याला पाच-दहा दिरहम, डेझर्ट सफारीच्या ड्रायव्हरला गाडीमागे वीस ते पन्नास दिरहम. तिथे राबणारे अनेकजण आपल्याच देशातून आणि शेजारच्या देशांतून घर सोडून आलेले असतात. हिंदी-उर्दू कळते म्हणून त्यांना हक्काने कामं सांगतो तसे दोन शब्द विचारपूसही करा.

थायलंडमध्ये तासाच्या मसाजनंतर ५० ते १०० बात (तिथलं चलन) मसाज करणाऱ्या बाईंच्या हातात द्या, काउंटरवर नको. रस्त्यावरच्या गाड्यावर खाल्लं तर टिप नाही. साध्या रेस्टॉरंटमध्ये वीस-तीस बात सुट्टे ठेवले की झालं.

बालीत दिवसभरासाठी गाडी आणि ड्रायव्हर करतात. त्याला ५० हजार ते एक लाख रुपया द्या. आकडा ऐकून दचकू नका, एक लाख इंडोनेशियन रुपया म्हणजे आपले पाचशे रुपयांच्या आसपास होतात.

व्हिएतनामला जाणाऱ्यांनी नोटा हातात आल्या की हॉटेलच्या खोलीत बसून नीट ओळखून घ्याव्यात. २०,००० दोंगची आणि ५,००,००० दोंगची नोट, दोन्ही निळसर आणि दोन्ही प्लास्टिकच्या. पहिली साधारण सत्तर रुपयांची, दुसरी दीड हजारावर जाते. अंधारात टॅक्सीवाल्याला घाईने दिलेली नोट कोणती होती हे दुसऱ्या दिवशी कळून उपयोग नसतो. पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. टिपची तिथे सक्ती नाही, पण दिवसभर सोबत असलेल्या गाइडला माणशी ५० हजार ते एक लाख दोंग देतात.

इजिप्तला जाणार असाल तर लहान नोटांचं पुडकंच लागेल. स्वच्छतागृह, बॅग, देवळाच्या आत ‘इथून फोटो घ्या’ म्हणणारा रखवालदार, प्रत्येक जण हात पुढे करतो. ज्याने खरोखर काम केलं त्याला द्या. बाकीच्यांना हसून मान हलवा आणि पुढे चला.

जिथे टिप द्यायची नाही

जपानमध्ये टेबलावर पैसे ठेवून निघालात तर वेटर रस्त्यापर्यंत धावत येऊन परत देईल, तुम्ही विसरलात असं समजून. पैसे दारापाशी काउंटरवर द्यायचे असतात, तेही हातात नाही, समोरच्या लहान ट्रेमध्ये. संध्याकाळच्या छोट्या उपाहारगृहांत, इझाकाया म्हणतात त्यांत, न मागवता एक वाटी येते आणि तिचे पैसे बिलात लागतात. ती ‘ओतोशी’, बसण्याचा आकार समजा. पारंपरिक जपानी निवासगृहात खास देखभाल करणाऱ्या बाईंना काही द्यायचं असेल तर कोऱ्या पाकिटात, सुरुवातीलाच, दोन्ही हातांनी. उघडी नोट नको.

चांगल्या गाइडचे आभार मानायचे असतील तर जपानमध्ये छोटी भेटवस्तू फार आनंदाने घेतात, आणि तिथे आपल्याकडे देण्यासारखं आहे. सोलापुरी नॅपकिन किंवा छोटा टॉवेल हलका असतो, बॅगेत दाबला तरी खराब होत नाही, आणि ‘हे आमच्या गावात विणतात’ असं सांगता येतं. शेंगा चटणी मात्र अनोळखी माणसाला भेट देऊ नका. शेंगदाण्याची ॲलर्जी परदेशात बऱ्याच जणांना असते आणि ती जिवावर बेतू शकते. अमेरिकेत नॅपकिन दिला तरी टिप चुकत नाही, टिप द्यायची आणि वर नॅपकिन द्यायचा.

दक्षिण कोरिया आणि चीनमध्येही रेस्टॉरंटमध्ये टिप नसते. ऑस्ट्रेलियात सुट्टीच्या दिवशी बिलावर काही टक्के सरचार्ज दिसेल, तो मालकाचा असतो. वेगळी टिप नाही दिली तरी चालते.

देताना आणि दिल्यानंतर

नोट एकदा दुमडा, उजव्या हाताने द्या, माणसाच्या डोळ्यांकडे बघून ‘थँक यू’ म्हणा. सगळ्यांसमोर मोजून देऊ नका. ग्रुपमध्ये असाल तर एकाकडे टिपचं काम सोपवा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी सारखी रक्कम काढून त्याच्याकडे द्यावी आणि त्याने वहीत लिहावं. नाहीतर एकाच ड्रायव्हरला चौघे देतात आणि खोली साफ करणाऱ्या बाईंना कुणीच देत नाही.

कार्ड मशीनवर ‘रुपयांत भरायचं की स्थानिक चलनात’ असं विचारलं तर नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले तर वाईट दर लागतो, आणि तो टिपवरही लागतो.

खर्चाचा अंदाज धरताना अमेरिकेत मेनूवरच्या भावात टॅक्स आणि टिप मिळून पंचवीस ते तीस टक्के आधीच वाढवा. मग बिल आल्यावर धक्का बसत नाही आणि टेबलावर वादही होत नाही.

परतताना नोटा उरल्या तर इथे बदलून मिळतात, नाणी मात्र कुणी घेत नाही. ती शेवटच्या दिवशी हॉटेलातल्या बाईंसाठी नोटेबरोबर ठेवा, किंवा विमानतळावर पाण्याच्या बाटलीत संपवा.